चुन्याची कमान

वसईजवळच्या गिरीज गावचा निकोलस तुस्कानो गवंडी होता. त्याचा बाप चुन्यात बांधायचा. निकोलसही बापाच्या हाताखाली तेच शिकला, पण तो कामाला लागेपर्यंत सिमेंट आलं होतं. तीस वर्षं त्याने वसईत बंगले आणि इमारती बांधल्या. चुन्याबद्दल त्याला कुणी विचारलं नाही.

१९९१ साली गावच्या जुन्या क्रुसाच्या चौथऱ्याला त्याने सिमेंटचा गिलावा केला. गावाने कौतुक केलं. पाच वर्षांत तो गिलावा फुगून पडला आणि पडताना दगडांचे पापुद्रे घेऊन गेला. दगडावरची कोरलेली वेल गेली. गावाने खाऱ्या हवेला दोष दिला. निकोलस मात्र पुढे चौथऱ्याकडे बघायचं टाळू लागला.

२००२ मध्ये वसईच्या किल्ल्यात एका पडक्या चर्चची कमान दुरुस्त करायला ठेकेदाराने त्याला बोलावलं. तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता. कमानीचे वरचे सात दगड निखळले होते. शेजारी सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. निकोलसने थापी खाली ठेवली.

"ह्याच्यात मी बांधणार नाही," तो म्हणाला.

देखरेखीला पुरातत्त्व खात्याची सुमेधा नावाची तरुण इंजिनीअर होती. "का, काका?"

"दगड ओल धरतो, मग सोडतो. चुना ती जाऊ देतो. सिमेंट कोंडून ठेवतं, मग दगडच फुटतो. मी एकदा फोडलाय, मॅडम. चला, दाखवतो."

ती खरंच त्याच्याबरोबर गिरीजला गेली. चौथऱ्यावरून तिने बोट फिरवलं, तर बोटाला दगडाची भुकटी लागली. चुन्यात बांधायची परवानगी मिळवायला तिला चार महिने लागले.

निकोलसने खड्ड्यात चुना विझवला, महिनाभर भिजत ठेवला. त्यात वाळू, विटांची भुकटी आणि गुळाचं पाणी मिसळून मळला. कमानीच्या आकाराचा लाकडी साचा उभारून त्यावर सातही दगड बसवले. ठेकेदार आठव्या दिवशी साचा काढायला निघाला.

"चाळीस दिवस," निकोलस म्हणाला. "चुन्याला घाई चालत नाही."

ठेकेदार चिडला, पण सुमेधाने त्याला थांबवलं.

एकेचाळिसाव्या दिवशी साच्याखालच्या पाचरी ठोकून सैल केल्या. मजूर मागे सरले. निकोलस कमानीखालीच उभा राहिला.

"काका, बाहेर या!"

"दगड बसताना आवाज करतात, मॅडम. तो खालीच नीट ऐकू येतो."

साचा बोटभर खाली आला. वरून कर्रर्र झालं, थोडी माती पडली. मग काहीच झालं नाही. निकोलस बराच वेळ मान वर करून उभा होता. बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता.

पुढची सहा वर्षं त्याला किल्ल्यात काम मिळालं. चौघे गवंडी त्याच्याकडून चुना मळायला शिकले. सुमेधाची नागपूरला बदली झाली.

निकोलसची बायको कॅथरिन मासळी आणायला किल्ल्यावरून शेकडो वेळा गेली होती, आत कधी गेली नव्हती. एका रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याने तिला आत नेलं.

"यातली तुमची कुठली?" तिने विचारलं.

"तूच सांग."

तिने बऱ्याच कमानी पाहिल्या आणि भलत्याच, कधी न पडलेल्या कमानीकडे बोट केलं. निकोलसने खुशीत मान डोलावली. मग दोघं पायरीवर बसून घरून आणलेली केळी खात राहिली.