दुकानातला कावळा

२०२३ साली मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होतो. हिला जाऊन वर्ष झालं होतं आणि मी मुलाकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहत होतो. शाळा माझी चौथीपर्यंत. पण गावात माझं स्वतःचं गॅरेज होतं, कुणाच्या हाताखाली मी काम केलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण मला काही कळत नाही असं धरून चालायची या घरात पद्धत आहे.

नात दिवसा ऑफिसला जाते आणि कधीमधी पबमध्ये उभी राहून लोकांना हसवते. ऑक्टोबर संपताना इथे हॅलोविन, भुताखेतांचा सण. त्या दिवशी तिचा कार्यक्रम होता. मी म्हणालो, मी येणार.

"बाबा, तिथे सगळे पिणारे असतात. बोर व्हाल," मुलगा म्हणाला.

"पिणारे मी पाहिलेत. तुझा मामाच बघ."

"सगळं इंग्लिशमध्ये असतं."

"मग मला कळणार नाही. तुझं काय जातं?"

सुनेनं त्याच्याकडे पाहिलं.

पबच्या छताला खोटी कोळिष्टकं लावली होती. काउंटरवर हाडांचा सापळा, त्याच्या हातात बिअर. मी अगदी पुढे बसलो. नात तोंडाला पांढरा रंग फासून आली. हातात प्लॅस्टिकचा कावळा, पिसं चिकटवलेला.

"माय आजी डाइड लास्ट इयर," ती म्हणाली. लोक हळहळले. "नो, नो, शी वॉज हॅपी टू लीव्ह. शी वॉज मॅरीड टू माय आजोबा."

लोक हसले. एवढं कळलं म्हणून मीही हसलो.

पुढचं कळायला इंग्रजी लागलंच नाही. तिनं बापाची नक्कल केली. बाप नदीकाठी पिंड ठेवून आभाळाकडे बघतोय. कावळा नाही. बदकं येतात, बाप त्यांना हाकलतोय. मग बाप दुकानात पळतो, हा कावळा आणतो आणि त्याची चोच भातात बुडवतो. काव काव. सगळा पब टेबलं बडवत होता. माझा मुलगा ग्लासात बघत होता.

हिच्या दहाव्याला मी हॉस्पिटलात होतो. संध्याकाळी मुलगा येऊन म्हणाला होता, "बाबा, लगेच शिवला कावळा." त्या वाक्यावर मी वर्ष काढलं. माझ्याबरोबर सगळा जन्म काढूनही हिचं काही मागे राहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

गाडीत बसल्यावर विचारलं, "खरं का?"

"दोन तास थांबलो, बाबा. गुरुजी फोनवर म्हणाले, येत नसेल तर दर्भाचा कावळा करून शिववा. दर्भ कुठून आणू इथे? दुकानात हॅलोविनचे कावळे होते."

"प्लॅस्टिकचे."

"ते गुरुजींना विचारलं नाही."

"आणि मला सांगितलंस, लगेच शिवला."

"तुमच्या छातीला वायरी लावल्या होत्या, बाबा. काय सांगू?"

मागून नात म्हणाली, "सॉरी, आजोबा. आय थॉट तुम्हाला नाही कळणार."

खोटं बोलले याचा राग होताच, पण तो घरी पोचेपर्यंत टिकला नाही. कावळा शिवत नाही तेव्हा माणसं एकेक कबूल करतात, मुलीचं लग्न करू, भावाकडे बघू. बरोबर तेच बोललं की कावळा उतरतो. अंथरुणावर पडून मी विचार केला, मी काय बोललो असतो? एकही गोष्ट आठवेना. हिनं कधी मागितलं नाही, मी विचारलं नाही. नातीशी मात्र ती स्वयंपाकघरात बसून अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी बोलायची, हसायची. मी आत गेलो की दोघी गप्प व्हायच्या.

सकाळी उजाडल्यावर मी स्वतः भात लावला. तीळ घालून पिंड केला आणि मागच्या अंगणात ताटलीत ठेवला. शेजारच्या छपरावर कावळे होते, खरे. एकही खाली येईना. मग मी आत येऊन नातीचं दार वाजवलं. तिच्या कानामागे अजून पांढरा रंग होता.

"आजीला काय हवं होतं?" मी विचारलं. "तुला बोलली असेल."

तिनं दार पूर्ण उघडलं. "मराठीत नीट नाही सांगता येणार, आजोबा."

"इंग्रजीत सांग," मी म्हणालो. "सावकाश सांग."