डोक्यांचा रस्सा

"डोकी फेकू नको, बाईनं जेवण त्यामाच शे," बाईचं जेवण त्यातच असतं, असं सासूबाई मला, नव्या नवरीला, म्हणाल्या होत्या.

मैत्रिणींनो, आज सुरतेच्या गाडीनं भुसावळला बर्फातली कोळंबी आली. सोललेली कोळंबी पुरुषांसाठी ठेवली. डोकी भाजून पाट्यावर वाटली, गाळून रस्सा केला. चोथा कारल्याच्या वेलाला घातला.

बाळंतपणाला आलेल्या लेकीला मुद्दाम कोळंबी वाढली. तिनं वाटी तशीच वडिलांपुढे सरकवली.

"मला रस्साच आवडतो, आईसारखा."

हे खुशीत म्हणाले, "आईचीच लेक!"

मला तो रस्सा कधीच आवडला नाही. इतरांना पुरावं म्हणून तसं म्हणत आले.

कोळंबीची एक वाटी झाकून ठेवली आहे. लेक नाहीच म्हणेल, तरी सांगते. पोरी, ही तू खा, माझ्यासमोर.