ड्रम ठोकणाऱ्या कौसामावशी

कौसामावशी घरात आल्या की आधी मोरीतला पाण्याचा ड्रम बोटांनी ठोकायच्या, मगच माणसांशी बोलायच्या. "आवाजावरून घर कळतं माय," म्हणायच्या. दुष्काळाची वर्षं होती. शहराच्या टोकाला आमच्या वसाहतीत इमारती भराभर उठत होत्या आणि टँकर मात्र आठवड्यातून एकदाच यायचा. गावाकडची विहीर आटली म्हणून मावशी पिशोरहून इथं आल्या आणि बाळंतिणींना मालिश करून पोट भरू लागल्या.

मला लग्नाआधीपासून मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार. गोळ्या चालू असल्या की तो गप्प असायचा. मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मावशींनीच ठणकावलं, "पोटात लेकरू आन् वर गोळ्या? इख हाय ते, बंद कर." मी चांगली बीएड झालेली, पण भीतीपुढं पदवी काय कामाची? डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या.

पाचव्या महिन्यात शौचावाटे रक्त पडू लागलं. दिवसातून दहा-बारा वेळा संडासला पळायची आणि नवऱ्यालाही सांगायची लाज. एका दुपारी मावशींनी ड्रम ठोकला. टँकर परवाच येऊन गेलेला, घरात माणसं दोनच, आणि ड्रम रिकामा. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "किती येळा जातीस?" मी रडायलाच लागले. त्यांनी मला तशीच रिक्षात घातली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या या गोळ्यांपेक्षा उसळलेल्या आजाराचाच बाळाला जास्त धोका. विचारल्याशिवाय पुन्हा बंद करायच्या नाहीत, अंगावर पाजतानाही. मावशींनी तिथंच स्वतःचे कान पकडले. "माजंच चुकलं पोरी. मी अडाणी, पर तू तरी ऐकायचं नाय."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या दारात हजर. "गोळी घेतली का? माज्यासमोर घे." हळूहळू आजार शांत झाला, मुलगी सुखरूप झाली. शेजारणी म्हणाल्या, गोळ्या खाऊन पाजू नको. मावशी तेल चोळता चोळता म्हणाल्या, "आमी इचारून आलोय. तुमी इचारलं का?"

पाऊस बरा झाला तशा मावशी पिशोरला परतल्या. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्याचं कळलं. आता आमच्याकडं नळ आहे, ड्रम गच्चीत पडून आहे. गोळ्या चालूच आहेत. संध्याकाळी गोळी हातात घेतली की मावशींची फार आठवण येते आणि नजर आपोआप दाराकडं जाते. लेक अभ्यासातून मान वर करून बघते. तिला सवय झाली आहे. मी गोळी गिळते आणि रिकाम्या दाराला सांगते, "घेतली, मावशी."