मागच्या सीटवरची वाळू

मिरजेच्या फलाटावर आम्हाला पोचवायला अर्धं घर आलं होतं. विमान अजून घ्यायचंच होतं. त्यात कोणकोणती जादा यंत्रं बसवायची, एवढंच ठरवायला मी आणि माझी बायको सुमन बंगळूरला निघालो होतो. पण घरात त्या विमानातल्या जागा केव्हाच वाटून झाल्या होत्या. आमच्याकडे कुठलंही नवं वाहन आलं की पहिला मान थोरल्यांचा. ट्रॅक्टर आणला तेव्हासुद्धा माझे थोरले भाऊ आणि वहिनी आधी त्यावर चढून बसले होते. "आम्ही दोघं मागं, खिडकीपाशी," दादा डब्याच्या दांड्याला धरून सांगत होते. "आणि जोतिबाच्या डोंगराला वरून एक प्रदक्षिणा." मी हो म्हणून मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे. चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकलो, परवाना मिळवला, तेही घरात परवाना हातात आल्यावरच कळलं. मनातलं आत ठेवायची ही माझी जुनी सवय. या प्रवासात ती मोडली, म्हणून लिहितो आहे.

बंगळूरला सकाळी उतरलो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. मुक्काम मल्लेश्वरमला, सुमनच्या मावसभावाकडे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, मराठी जपलेली, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की वेगळं काढता येत नाही. "स्वल्प बसा, कॉफी येते आत्ता," म्हणाले, आणि कॉफीच्या मागोमाग उप्पिट आलं. त्यात अवरेकाळु (पावट्याच्या जातीचे हिरवे दाणे) भरपूर. थंडीच्या दिवसांत इथे ते प्रत्येक पदार्थात शिरतात म्हणे. अण्णांना वाटत होतं की मी विमान चालवणार नसून विकायला ठेवणार आहे. नाहीतर पंपांचा कारखाना चालवणाऱ्या माणसाला आकाशात काय काम, असं त्यांनी सुमनला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला विचारलं. मी उप्पिट आणखी वाढून घेतलं.

पहिली फजिती रिक्षात झाली. मी ऐटीत "विमानतळ" म्हणालो आणि रिक्षावाल्याने आम्हाला मोठ्या विमानतळाच्या दिशेने नेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. निम्म्या वाटेत सुमनला शंका आली. मग उलटं फिरून हेब्बाळचं तळं, त्यापुढे नांगरलेली लाल माती, नीलगिरीची झाडं, आणि एकदाचं ते लहानसं धावपट्टीचं मैदान दिसलं. कुंपणाशी शेळ्या चरत होत्या. त्यांच्या पलीकडे पांढरं, निळ्या पट्ट्याचं विमान उभं होतं. माझी छाती अशी धडधडायला लागली की रिक्षावाल्याकडून सुटे पैसे घ्यायचे राहिले.

विक्रेते हिरेमठ निपाणीकडचे निघाले. मराठी अस्खलित, फक्त हेल आपल्यापेक्षा वेगळा. "आधी उडूया की ओ," म्हणाले, "बाकीचं मग." नमुन्याच्या विमानात मी पुढे, ते शेजारी, सुमन मागे. चाकांनी धावपट्टी सोडली आणि खालची जमीन एखाद्या ओझ्यासारखी गळून पडली. तळी पत्र्यासारखी चकाकत होती. देवनहळ्ळीचा किल्ला वरून लांबटगोल दिसतो, दगडी काठाच्या परातीसारखा. त्याच्याभोवती द्राक्षांचे मांडव आणि पपनसाच्या बागा. पुढे नंदीचा डोंगर धुक्यातून अर्धा वर आलेला. हिरेमठांनी हात मांडीवर ठेवून विमान माझ्या स्वाधीन केलं होतं. मला गावंसं वाटत होतं. मी गात नाही.

खाली उतरल्यावर खरं काम सुरू झालं. हिरेमठांची एक पद्धत आहे. कॅटलॉगमधली चित्रं बघून गिऱ्हाईक सगळंच मागतं, कारण चित्राला वजन नसतं. म्हणून त्यांनी प्रत्येक जादा यंत्राच्या वजनाइतकी वाळू पिशव्यांत भरून ठेवली होती, वर कापडी चिठ्ठ्या शिवलेल्या. जे हवं त्याची पिशवी गिऱ्हाइकाने स्वतः उचलायची आणि विमानाच्या मागच्या सीटवर ठेवायची. "विमान उचलतं ते ठरावीकच वजन. तुम्ही मागाल तेवढं माणूस कमी," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी लहान मुलासारखा सुटलो. विमान आपोआप सरळ ठेवणारा ऑटोपायलट. उपग्रहावरून आपण कुठे आहोत ते दाखवणारं यंत्र, ते तेव्हा अगदी नवं होतं. पंखांच्या टोकांचे लुकलुकणारे दिवे. चाकांवर चढवायचे निमुळते टोप, ज्यांनी विमान उभं असतानाही धावल्यासारखं दिसतं. मग पेट्रोलच्या मोठ्या टाक्या, त्यांत मावणाऱ्या पेट्रोलच्या वजनाच्या पिशव्या तर मला आणि हिरेमठांना मिळून उचलाव्या लागल्या. घाम येत होता आणि मी खुशीत होतो. शेवटची पिशवी ठेवून वळलो तर सुमन दारापाशी उभी राहून आत बघत होती. मागच्या दोन्ही जागा वाळूने भरल्या होत्या.

"अहो, दादा-वहिनी कुठं बसणार?"

मी टाक्यांच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. लांब जायचं तर पेट्रोल लागतंच, असं काहीतरी बोललो. पण हिरेमठ सरळ माणूस. त्यांनी लगेच सांगून टाकलं की टाकी मोठी असली तरी दर वेळी भरायलाच पाहिजे असं काही नाही. अर्धी भरा, मागे दोन माणसं आरामात.

"ती भरलेलीच राहील," मी म्हणालो.

इतकं तोडून की हिरेमठांना एकदम फोन करायची आठवण झाली आणि ते शेडकडे निघून गेले.

बावीस वर्षांच्या संसारात सुमन माझं न बोललेलं वाचत आली आहे, पण त्या दिवशी तिने मदत केली नाही. मीच बोललो. विमान घरासाठी, कारखान्याच्या कामासाठी, असं जे सगळ्यांना सांगितलं ते खोटं होतं. मला एकट्याला जायचं होतं. दादा नको, वहिनी नको, आणि तीही नको.

"कुठं जायचं होतं?"

"कुठं नाही. नुसतं वर."

ती चाकाशेजारी सावलीत बसली. मग म्हणाली, "रोज चौदा माणसांच्या चहाचं आधण ठेवते मी. एकटं राहावंसं तुम्हालाच वाटतं, असं वाटलं तुम्हाला?"

हा विचार मला कधी शिवलाच नव्हता, याची लाज वाटली.

"आणि मघाशी मागून मला काय दिसलं माहितेय? तुमचं टक्कल."

हिरेमठ परत आले तेव्हा तिने त्यांना विचारलं की उजव्या सीटपुढे दुसरं स्टिअरिंग बसवून मिळतं का, शिकणाऱ्यासाठी असतं तसं. ते म्हणाले, मिळतं की, आणि एक लहानशी पिशवी घेऊन आले. ती तिने स्वतः आत ठेवली. येताना चाकांच्या टोपांची पिशवी बाहेर काढून माझ्या हातात दिली. "हे नुसतं दिसायला आहे," म्हणाली. मला ते टोप फार आवडले होते. मी पिशवी हिरेमठांच्या बाकीच्या पिशव्यांत परत नेऊन ठेवली.

दादांना सांगणं मात्र तिने माझ्यावरच टाकलं. मल्लेश्वरमच्या एका बूथवरून फोन लावला. मी सगळं सांगितलं, एकटं जायचं होतं तेही.

"मग जोतिबा?" दादांनी विचारलं.

"नेईन. टाकी अर्धी भरून नेईन."

"एवढंच सांगायचं, तर फलाटावर काय जीभ चावली होती?" असं म्हणून त्यांनी फोन वहिनींकडे दिला. त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

परतीच्या प्रवासात सुमन खिडकीपाशी बसली होती. अण्णांनी दिलेलं पपनस सोलता सोलता तिने विचारलं, शिकणाऱ्याला एकट्याने उडायला कधी सोडतात. मी खरं ते सांगितलं. ते आधी कळवत नाहीत. एक दिवस विमान उतरवलं की शिक्षक पट्टा सोडतो, खाली उतरतो आणि म्हणतो, आता तू जा.

"आणि तुम्ही कुठं असाल तेव्हा?"

"खाली. कुंपणापाशी."

तिने पपनसाची फोड माझ्या हातावर ठेवली आणि बाहेर बघू लागली. उडायचं म्हणून इतकी वर्षं माझी छाती धडधडत आली. कुंपणापाशी उभं राहून वर बघायच्या कल्पनेनेही ती तशीच धडधडली, हे मी तिला तिथेच, शेजारच्या प्रवाशांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.