पाखडलेली चारोळी

सातपुड्यातल्या निरनिराळ्या डोंगरांवरच्या चारोळीत कोणती मेदाम्लं किती असतात, हे मी शिरपूरच्या प्रयोगशाळेत तपासते. त्यासाठी प्रत्येक झाडाचे दाणे वेगळे हवेत आणि जसे असतील तसे हवेत, भरलेले, पोचट, सगळेच.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका अक्कांना मी हे गेल्या वर्षी नीट समजावलं होतं. तरी त्यांनी साऱ्या झाडांचे दाणे एकत्र केले, सुपात पाखडले आणि फक्त टपोरे तेवढे माझ्यापुढे ठेवले. माझं डोकंच फिरलं.

"अक्का, पोचट कुठे गेले?"

"पाव्हनाले पोचट दाना कसा देवाना?" उलट त्याच माझ्यावर चिडल्या.

हंगाम वाया गेला, असं पुटपुटत मी परतले.

यंदा गेले तर ओट्यावर झाडागणिक एकेक पुरचुंडी, जुन्या लुगड्यांच्या वेगवेगळ्या चिंध्यांत बांधलेली. आत काडीकचऱ्यासकट सगळं. मी हरखून पिशवी भरली आणि उठले. तेवढ्यात अक्कांनी माझ्या ओंजळीत मूठभर टपोरी चारोळी ओतली.

"हाई तपासाले नही, खावाले शे."