गेम बसवणारे आतोबा

जगात कॉम्प्युटर गेम खेळणारी माणसं लाखांनी असतील, पण गेमच्या वाटेला न जाता तो नुसता इन्स्टॉल होताना बघत बसणारा आणि तेवढ्यावरच तृप्त होऊन उठणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे आतोबा. आत्याचे यजमान. बदलापूरला शिरगावात राहायचे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली आणि कारखान्याला कायमचं टाळं लागल्यावर घरी बसले. मी तेव्हा, म्हणजे दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांत, उल्हासनगरच्या बाजारातून सुटे भाग आणून लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचो. त्यातलाच एक आत्येबहिणीला जोडून दिला होता. ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. तो आतोबांच्या ताब्यात कसा गेला हे मला आजही सांगता येणार नाही. एका रविवारी गेलो, तर आतोबा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, खुर्चीवर चक्क मांडी घालून त्याच्यासमोर बसले होते. मला म्हणाले, "ये. एखादा गेम बसव."

हा 'बसव' शब्द त्यांचा. मी एकदा बोलण्याच्या ओघात "इन्स्टॉल करणे म्हणजे बसवणे" असं सांगून गेलो होतो, आणि आतोबांनी त्याचा सरळ गणपतीशी संबंध लावला. बसवायचा म्हणजे आधी जागा स्वच्छ हवी, म्हणून मॉनिटर ओल्या फडक्याने पुसायचे. चपला घालून कोणी त्या खोलीत आलेलं चालायचं नाही. सीडी उजव्या हाताने आत सरकवायची. आणि सगळं बसवून झालं की "आता उठव त्याला," असं म्हणून गेम काढून टाकायला लावायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बसवलेला उठवावा लागतो. कायमचा ठेवून घेतलास तर सांभाळणार कोण?" मी उठवायचो. हार्ड डिस्क इतकी लहान होती की काढून टाकणं सोयीचंच पडायचं, हा भाग वेगळा.

आजच्या मुलांना सांगून पटणार नाही, पण त्या काळी गेम बसवणं हा खरोखरच एक कार्यक्रम असायचा. सगळा पडदा चित्राने भरून जायचा. मागे संगीत वाजायचं. एका गेममध्ये एक दाढीवाला बुटका पाठीवर पोती घेऊन जिना उतरायचा आणि तळघरात रचत राहायचा. तळघर भरलं की गेम बसला. दुसऱ्यात गलबतावर पिंपं चढायची आणि प्रत्येक पिंपागणिक गलबत थोडं पाण्यात बसायचं. तिसऱ्यात जळता किल्ला, मग ओसाड वाळवंट, मग कोणीतरी चिलखतातला माणूस आपल्याकडे रोखून बघतोय, अशी एकामागून एक चित्रं सरकत जायची आणि खाली निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे जायची. गेम बनवणाऱ्यांना बहुतेक ठाऊक होतं की हा माणूस आता बराच वेळ आपल्या दारात ताटकळणार आहे, तेव्हा त्याला पाणी तरी विचारावं. मला स्वतःलाही त्या पडद्यांचं फार वेड होतं, पण ते वेड पुढच्या गेमसाठी होतं. आतोबांचं तसं नव्हतं. पट्टी भरली, 'फिनिश' असं बटण आलं, की आतोबा ते दाबून समाधानाने उठायचे.

"आतोबा, बसा ना. गेम तर आता सुरू होणार आहे."

"अरे, त्यानेच लिहिलंय ना फिनिश? मग? तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं काय?"

करारनाम्याचंही तसंच. सुरुवातीला तो लांबलचक इंग्रजी मजकूर येतो आणि खाली 'मान्य आहे' असं बटण असतं. तो मजकूर आजवर कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. आतोबा मात्र माझा हात धरायचे. "वाच आधी. कारखान्यात आमच्याकडून अशीच घाईघाईत सही घेतली होती." मग मी मोठ्याने इंग्रजी वाचायचो आणि आतोबा डोळे मिटून ऐकायचे. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मलाही फारसं कळत नव्हतं, तरी मधेच ते "हां, हे बरोबर बोलला," असं म्हणायचे. कशाला बरोबर म्हणाले, या विचारात मी पुढची ओळ चुकायचो.

आता त्या घरातली मोठी अडचण सांगायला हवी. आत्याचा आणि आतोबांचा अबोला होता. चार दिवसांचा रुसवा नव्हे, चांगला मुरलेला अबोला. कशावरून धरला होता हे विचारायची सोय नव्हती. आत्या म्हणायची, "त्यांनाच विचार." आतोबा म्हणायचे, "तिला माहीत आहे." शेजारच्या वहिनींचं म्हणणं होतं की कुळगावातल्या एका लग्नात आतोबांनी परक्या घरची आमटी वाटीने मागून प्यायली, त्यावरून झालं. मी तेही खरं मानून चाललो होतो, कारण आत्याची आमटी खरंच जरा पातळ असायची. लेक घरात होती तोवर ती निरोप पोचवायची. "आईला सांग, पाणी आलंय." "बाबांना सांग, मलाही नळ दिसतो." ती पुण्याला गेली आणि घरात निरोप्या उरला नाही. आत्या कुकरशी बोलायची, आतोबा कोणाशीच बोलायचे नाहीत.

बोलायचे ते फक्त गेम बसताना. पडद्यावर चित्र आलं की आतोबा घसा खाकरून मोठ्या आवाजात त्याची गोष्ट सांगायला लागायचे, आणि इथून माझा गोंधळ सुरू व्हायचा. समोर बुटका पोती वाहतोय आणि आतोबा सांगतायत, "तर राजाने सकाळी मोटर लावली नाही, कारण राजाला वाटलं राणीने लावली असेल. आता टाकी रिकामी."

"आतोबा, यात राजा नाहीये. हा बुटका आहे."

"तुला दिसत नाही. तू बटणं दाब."

आत स्वयंपाकघरात भांडं आपटायचं. आत्या कुकरला सांगायची, "ज्याला टाकीची काळजी, त्याने मोटरपाशी झोपावं." आतोबा खूश होऊन पुढच्या चित्राची वाट बघायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना इंग्रजी येत नाही, चित्रंही नीट उमगत नाहीत, म्हणून मनचं काहीतरी जोडतायत. एकदा किल्ला धडाडून जळत होता, रणवाद्यं वाजत होती, आणि आतोबा ठणकावून म्हणाले, "राणीचा गुडघा दुखतोय आणि राणी डॉक्टरकडे जात नाही. उगाच अंगावर काढते." पुढच्या रविवारी गेलो तर आत्याच्या गुडघ्याला पट्टा. डॉक्टरकडे जाऊन आली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हा गेम नव्हताच. त्या घरातली नवराबायकोची सगळी बोलणी त्या निळ्या पट्टीवरून चालली होती. पट्टी भरेपर्यंत बोलता यायचं; भरली की पुन्हा आठवडाभर कुलूप. हे लक्षात आल्यावर मी जमेल तिथून मोठमोठे गेम शोधून आणायला लागलो. दोन दोन सीड्यांचे, दमेकऱ्यासारखे धापा टाकत बसणारे.

त्या गोष्टींत एक गोष्ट मात्र पुढे सरकायची नाही. अधूनमधून आतोबा आवाज खाली आणून म्हणायचे, "राजाची एक गोष्ट राणीला सांगायची राहून गेली आहे." आत भांड्यांचा आवाज थांबायचा. मग आतोबा सदऱ्याचं बटण चाचपायचे, पडद्याकडे बघायचे, पट्टी अजून बरीच बाकी आहे असं त्यांना दिसायचं, आणि ते घसरून पुन्हा मोटरवर किंवा दूधवाल्यावर यायचे. कुठली गोष्ट, मला काही कळायचं नाही. वाटायचं, आमटीचंच असणार.

मग एक दिवस कॉम्प्युटरच्या जुन्या डब्यातून धूर आला. मी तो उल्हासनगरला दुकानात देऊन टाकला आणि त्या बदल्यात चार भाग नवे घेऊन आतोबांना एकदम झकास मशीन जोडून दिलं. फार हौसेने दिलं. रविवारी बुटक्याची सीडी घातली. आतोबांनी घसा खाकरला. "तर राजाची एक गोष्ट राणीला..." आणि तळघर भरलं! बुटका जिन्यावरून असा धावला की त्याच्या मागे कुत्रं लागलंय असं वाटावं. फिनिश. आतोबांनी माझ्याकडे बघितलं. "झाला?" "झाला, आतोबा. फास्ट आहे ना!" त्यांनी बटण दाबलं आणि गुपचूप उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढच्या रविवारी गलबत लावलं. सगळी पिंपं एका दमात चढली. वाळवंटाचं चित्र तर दिसलंच नाही. आतोबांचं प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि त्या तुकड्याचं काय करावं हे कोणालाच कळायचं नाही. हळूहळू त्यांनी गोष्ट सुरू करणंच सोडलं. पांढरा सदराही सोडला. घर पुन्हा मुकं झालं.

तेव्हा आत्याने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातावर बेसनाची वडी ठेवली आणि नळाकडे बघत म्हणाली, "काय रे, ते नवीन मशीन जरा हळू करता येतं का?"

"हळू?"

"पहिल्यासारखं. थोडा टाइम लागला तरी चालेल आम्हाला."

आयुष्यात मला पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक भेटत होतं. दुसऱ्याच दिवशी उल्हासनगरला त्या दुकानात गेलो. शेटजी सिंधी, हुशार माणूस, पण माझी मागणी ऐकून त्यांनी चष्मा काढला. "साईं, सारी दुनिया फास्ट माँगती है, तू स्लो माँगता है? तबियत ठीक है ना तेरी?" जुना डबा परत द्या म्हटलं तर म्हणाले, "वो तो कब का खोल दिया. रॅम कल्याण गया, पंखा शहाड गया. किसको बुलाऊँ?" शेवटी माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी माळ्यावरून एक धुळीने भरलेला सीडी ड्राइव्ह काढून दिला. "ये ले जा. इसमें सीडी डाल के तू शादी अटेंड करके आ सकता है."

तो पिशवीत घालून तसाच दुपारी शिरगावला गेलो. दार उघडंच होतं. मी वाकून चपला काढत होतो आणि आतून आत्याचा आवाज आला. कुकर लागलेला नव्हता, नळ बंद होता. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

"राजाची कुठली गोष्ट सांगायची राहिली?"

आतोबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटर बंद होता. काळ्या पडद्यावर बुटका नाही, किल्ला नाही, पट्टी नाही. त्यांनी घसा खाकरला.

"राजाचं राज्य गेलं होतं," ते शेवटी म्हणाले. "तरी राजा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. अंबरनाथला देवळापाशी जाऊन बसायचा. दुपारी डबा खायचा. संध्याकाळी सुट्टीच्या टायमाला घरी यायचा. राणीला बोललाच नाही."

मी एक चप्पल हातात धरून उभा. 

"राणीला माहीत होतं," आत्या म्हणाली. "कपडे कोण धुवत होतं? शर्टाला रंग लागायचा थांबला, तेव्हाच समजलं. राणी वाट बघत होती, स्वतःच्या तोंडाने कधी सांगतायत."

आतोबांनी मान वळवली आणि पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं. म्हणाले, "मग डब्यात भाजी रोज वेगळी का द्यायचीस?"

"दिवसभर दुसरं काय होतं तुम्हाला तिथे?"

मी चप्पल पुन्हा पायात घातली आणि आवाज न करता जिना उतरलो. पिशवीतल्या त्या ड्राइव्हचं काय करायचं ते कळत नव्हतं.

त्यानंतर आतोबांनी एकही गेम बसवला नाही. मी सीडी घेऊन जायचो, ते "ठेव तिथे," म्हणायचे आणि आत्याशी मोटरवरून भांडायला परत आत जायचे. ती दोघं तासन् तास भांडायची. मला आनंद होताच, पण खरं सांगायचं तर त्या रविवारांची फार आठवण यायची. आता गेमला सीडी लागत नाही. तो कुठूनतरी चोरपावलांनी येतो, कोपऱ्यात एक बारीक रेघ भरते, आणि आपण तोवर दुसरंच काहीतरी करत असतो. पूर्वी दारात थांबवून चित्रं दाखवायचे, तसं कोणी थांबवत नाही.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्या थकली आहे, पण बोलते भरपूर. तिने ती चित्रं कधीच पाहिली नव्हती, तिने सगळं स्वयंपाकघरातून नुसतं ऐकलं. परवा गेलो होतो तर शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मी एकदा बाहेर येऊन बघायला पाहिजे होतं रे. ती राणी दिसायला कशी होती?"

मी आठवून बघितलं. बुटका होता, पिंपं होती, चिलखतातला माणूस होता. इतक्या गेममध्ये राणी एकदाही आली नव्हती.

"ठेंगणीच होती," मी तिच्याकडे बघत म्हटलं. "सावळी. नाकात चमकी."

"चल, काहीतरी सांगतोस," आत्या म्हणाली, आणि शेंगा सोलायची थांबली. मग म्हणाली, "आणि काय काय होतं तिच्या अंगावर? नीट सांग."