आमच्या पाण्याला त्यांची ना-हरकत

"नळ धुऊन घे रे. साबण लावून."

कॉलनीच्या अध्यक्षसाहेबांनी माळ्याला हे सांगितलं तेव्हा माझी आई त्या नळापासून चार हातांवर उभी होती. हात अजून ओलेच होते तिचे.

आमची वस्ती कोराडी रोडच्या आत. वस्ती आम्ही म्हणतो, कागदावर ले-आऊट. एकानं शेतात खुंट्या ठोकल्या, प्लॉट विकले आणि निघून गेला. रस्ता नाही, नाली नाही, नळ नाही. सरकारी भाषेत याला 'अविकसित' म्हणतात. जणू वाढ खुंटली ती आमचीच.

शेजारी भिंत. भिंतीपलीकडे कॉलनी, बंगले, बाग, बागेत नळ. उन्हाळ्यात आमचा टँकर चुकला की कॉलनी पाणी द्यायची. पद्धत ठरलेली. आम्ही भिंतीबाहेर ड्रम लावायचे. माळी भिंतीवरून पाइप टाकणार. नळ सोडणार तो, बंद करणार तो. आम्ही फक्त खाली उभं राहायचं.

त्या दुपारी माळी कुठंतरी गेला होता. ड्रम भरले, पाणी मातीत वाहू लागलं. माझी आई तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना वापरणारी बाई. तिला ते बघवेना. छोट्या फाटकातून ती आत गेली आणि नळ बंद केला. एवढाच गुन्हा. तेवढ्यात अध्यक्षसाहेब आले.

"बाई, पाणी देतो म्हणजे आत यायचं असं नाही."

"चुकलं साहेब. पानी वाया जाऊन रायलं होतं."

"वाया गेलं तर आमचं गेलं. तुमचं काय गेलं?"

आणि मग परत आलेल्या माळ्याला ते साबणाचं. माळ्यानं नळ धुतला. दोनदा धुतला. मी नववीत होते. ड्रमचं झाकण धरून उभी होते. घरी आईनं त्याच पाण्यात डाळ शिजवली आणि आम्ही जेवलो. हे लिहिलंच पाहिजे. आम्ही जेवलो.

आता दुसरी लाज.

आमच्या घरांसमोरून पाण्याची मोठी लाइन जाते. वस्तीतल्या कोणाला तरी पाण्याच्या ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं, "ती लाइन कॉलनीची आहे. त्यांची ना-हरकत आणा, मग बघू." कोणी सांगितलं, कोणत्या खुर्चीतून, कोणाला आठवत नाही. लेखी काही नव्हतं. पण खुर्चीतला माणूस बोलला म्हणजे कायदा, असं मानणारी आमची माणसं. बाबांनी तर त्या लाइनसाठी नाली स्वतः खोदली होती, ठेकेदाराकडं रोजीनं. ठेकेदार म्हणायचा कॉलनीची लाइन, म्हणून बाबाही तेच म्हणायचे. कोणी शंका घेतली की छाती पुढं काढायचे, "म्या खोदली ना गा ते, मले माहीत नाही काय?"

मग दर वर्षी अध्यक्षसाहेबांना अर्ज. लिहिणारी मी, कारण माझं अक्षर चांगलं. 'साहेबांनी कृपावंत होऊन.' 'ही नम्र विनंती.' खाली 'आपली आज्ञाधारक वस्ती.' साहेब घडी घालून खिशात ठेवायचे. "यंदा मीटिंगमध्ये ठेवतो." तोवर त्यांच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या आमचे पुरुष लावायचे. गणपतीत त्यांचा हॉल आमच्या बाया धुवायच्या. फुकट. करा असं कोणी म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. ना-हरकत त्यांच्या खिशात होती.

आणि जयंतीला भाषण करायची मी. चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर. घसा फाटेपर्यंत. टाळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी भिंतीखाली ड्रम लावायचा. दहा वर्षं. पत्रकं मी छापली, मोर्चे मी काढले, दुसऱ्यांच्या प्रश्नांवर. माझ्या दारातल्या पाइपाला एक प्रश्न विचारला नाही.

यंदा फेब्रुवारीत विचारला. तोही सहज. लाइनचा वॉल्व्ह खोलणारे काका लांब लोखंडी चावी घेऊन सकाळी येतात. मी म्हटलं, "काका, ही कॉलनीची लाइन किती वाजता सुटते?"

काका हसले. "कॉलनीची? काहून वं, टाकी काय कॉलनीनं बांधली? सरकारी लाइन होय ही. कॉलनीलेबी हिच्यातूनच कनेक्शन हाय."

"पण आम्हाला त्यांची ना-हरकत लागते ना?"

"उद्या म्हणशीन, बसमधी बसाले बी त्याइची चिठ्ठी लागते!"

काका चावी खांद्यावर टाकून गेले. मी तिथंच बसले. हसू येईना, रडू येईना. नुसती आग.

त्याच दिवशी ऑफिसात गेले. बाबूनं कागदपत्रांची यादी समोर टाकली. दोनदा वाचली. ना-हरकत कुठंच नाही. "असा कागद आम्ही कधी मागतच नाही," बाबू म्हणाला. लगेच पुढं, "पण तुमचा ले-आऊट अविकसित आहे. आधी रस्ता होऊ द्या, मग वस्तीच्या आत लाइन." रस्त्याच्या खात्यात गेले. ते म्हणाले, "आधी लाइन पडू द्या. नाहीतर रस्ता पुन्हा फोडावा लागतो." परत बाबूकडं आले. म्हटलं, "हेच लिहून द्या."

"लिहून कसं देऊ?"

"जसं बोललात तसं."

पेन खाली ठेवलं त्यानं. लिहिलं नाही.

बातमी कॉलनीत पोचली. रविवारी साहेबांनी आम्हाला बोलावलं. दहा वर्षांनी ना-हरकत तयार होती. टाइप केलेली. "घ्या. आता तरी खूश?"

शेजारच्या मावशींनी मला कोपर मारलं. "घे ना वं. उन्हाळा तोंडावर हाय. पानी तं भेटीन."

मी हात पुढं केला. खरं सांगते, केला. आई म्हणाली, "वाच पयले. मोठ्यानं वाच."

वाचलं. वस्तीसाठी एकच नळ. तो कॉलनीच्या भिंतीच्या आत. वेळ समिती ठरवेल. नळाजवळची व बागेतील स्वच्छता वस्तीतील महिला राखतील.

"बस," आई म्हणाली.

मी कागद फाडला नाही. फाडला असता तर आम्ही गुंड ठरलो असतो. टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "साहेब, तुमच्या परवानगीची गरज कधीच नव्हती. तुमचंही कनेक्शन त्याच सरकारी लाइनीवर, तुम्हाला हे माहीत होतं. आमच्याकडून फुकट काम करून घेतलंत. हा कागद आम्ही घेत नाही."

"मग उद्यापासून पाइप बंद. बघू कोण पाजतं तुम्हाला!"

दुसऱ्या दिवशी पाइप आला नाही. आम्ही सायकलला कॅन बांधून लांबच्या हापशीवर जातो. आईचे गुडघे सुजले आहेत. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या सुनेला आठवा महिना आहे, आणि त्यांचा राग खरा आहे. त्यांना समजवायला माझ्याकडं गोड शब्द नाहीत. तरी तो कागद आणायला मी परत जाणार नाही.

एकेचाळीस घरांचे एकेचाळीस अर्ज तयार आहेत. प्रत्येकाचा वेगळा, प्रत्येकाच्या सहीचा नाहीतर अंगठ्याचा. कृपावंत नाही, नम्र नाही, आज्ञाधारक नाही. वर एकच शब्द, मागणी. सोमवारी आम्ही त्या बाबूच्या टेबलासमोर बसणार आहोत. बायका-पोरांसकट. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण लिहा, सही करा, शिक्का मारा. तो नकार घेऊन मी वरच्या ऑफिसात जाईन, तिथून कोर्टात जाईन.

तोंडी शब्दावर माझ्या आईची दहा वर्षं गेली. माझा आता एक दिवसही जाणार नाही.